पाच वर्तुळे आणि दुकानाची पाटी

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की गोव्याच्या वाड्यावाड्यांवर ब्राझील, पोर्तुगाल आणि अर्जेंटिनाचे झेंडे चढतात. बार आणि उपाहारगृहांच्या दारांत फलक लागतात. त्यांवर सोनेरी चषकाचे चित्र, एखाद्या नामवंत खेळाडूचा चेहरा आणि खाली सामन्याच्या रात्रीची सवलत असते. हा फलक लावणाऱ्याला आपण कोणाचे काही घेतले आहे असे वाटत नाही आणि तो पाहणाऱ्यालाही वाटत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या एका फलकावर निरनिराळे हक्क एकमेकांना खेटून उभे असतात. देशाच्या झेंड्यावर फिफाचा कसलाही हक्क नाही. चषक हे सिल्व्हिओ गाझ्झानिगा या इटालियन शिल्पकाराने घडवलेले आणि १९७४ पासून दिले जाणारे शिल्प असून त्याच्या चित्रावर फिफा हक्क सांगते. चेहरा खेळाडूचा आहे आणि त्याचा व्यापारी उपयोग करू देणे वा न देणे ही बाब त्याच्या अखत्यारीतील आहे. ‘फुटबॉलचा महोत्सव’ ही शब्दरचना मात्र कोणाचीच नाही, म्हणजेच सर्वांची आहे.

आजवर या भेदांकडे भारतात फारसे कोणी लक्ष दिले नाही आणि लक्ष न देऊन फारसे बिघडलेही नाही. पुढील काळात ते चालणार नाही. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथे २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला देण्यात आले. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारत प्रयत्नशील आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची यजमानपदाची अट केवळ मैदाने आणि रस्ते बांधण्यापुरती नसते. ऑलिंपिकची चिन्हे, नावे आणि प्रायोजकांचे हक्क यांचे संरक्षण करण्याची हमी यजमान देशाच्या सरकारला द्यावी लागते. भारताला ती हमी द्यायची असेल, तर सध्याचा कायदा अपुरा आहे हे प्रथम मान्य करावे लागेल. त्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे. अपुरेपणा भरून काढताना कोणाच्या हातातून काय काढून घ्यायचे?

एकमेकांत गुंफलेली पाच वर्तुळे पियेर द कुबर्तें यांनी १९१३ मध्ये रेखाटली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ती प्रथम ध्वजावर फडकली. पुढची कित्येक दशके ते एका चळवळीचे चिन्ह होते. १९८५ मध्ये ऑलिंपिक समितीने जागतिक प्रायोजकांची योजना सुरू केली आणि त्या चिन्हाला भाव आला. योजनेचे सूत्र सोपे होते. प्रत्येक उत्पादनवर्गात एकच प्रायोजक निवडायचा, त्याच्याकडून मोठी रक्कम घ्यायची आणि त्या वर्गातील दुसऱ्या कोणालाही वर्तुळांजवळ फिरकू द्यायचे नाही. प्रायोजक पैसे देतो ते या एकटेपणासाठी. प्रतिस्पर्ध्यालाही तेच चिन्ह फुकट वापरता आले, तर पैसे देणारा मूर्ख ठरेल. मिळणाऱ्या उत्पन्नापैकी नव्वद टक्के रक्कम आपण क्रीडा संघटना, राष्ट्रीय समित्या आणि खेळाडू यांच्याकडे वळवतो, असे ऑलिंपिक समिती सांगते. या वाटपाच्या तपशिलाविषयी वाद घालता येईल, पण चिन्ह राखले नाही तर वाटायला काही उरणार नाही, हा युक्तिवाद खोटा नाही.

या राखणीचा आंतरराष्ट्रीय पाया म्हणजे २६ सप्टेंबर १९८१ रोजी नैरोबी येथे झालेला ऑलिंपिक चिन्हाच्या संरक्षणाचा करार. करार अगदी आटोपशीर आहे. सदस्य देशाने ऑलिंपिक समितीच्या परवानगीविना पाच वर्तुळांची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करू नये, झाली असल्यास ती रद्द करावी आणि व्यापारी हेतूने होणारा त्यांचा वापर रोखावा. आधीपासूनच्या वापराला आणि वृत्तमाध्यमांतून माहितीपर होणाऱ्या वापराला त्यात सूट आहे. त्याचे एक कलम सहसा कोणी उद्धृत करत नाही. ज्या देशात चिन्हाच्या परवानगीपोटी शुल्क आकारले जाईल, त्या देशाच्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीला उत्पन्नाचा वाटा मिळाला पाहिजे, असे ते कलम सांगते. भारत १९८३ पासून या कराराचा सदस्य आहे. अमेरिका मात्र नाही. तेथे ऑलिंपिकसाठी स्वतंत्र आणि कितीतरी कडक कायदा असून, ‘ऑलिंपिक’ हा शब्द वापरण्याचा अनन्य हक्क अमेरिकी ऑलिंपिक समितीलाच आहे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. नैरोबी करारात संरक्षण आहे ते केवळ वर्तुळांना. ‘ऑलिंपिक’ या सुट्या शब्दाला त्यात स्थान नाही.

भारतात वर्तुळांना संरक्षण मिळते ते बोधचिन्हे आणि नावे यांचा अनुचित वापर रोखणाऱ्या १९५० च्या कायद्यातून. मराठी वाचकाला हा कायदा वेगळ्या संदर्भात ठाऊक असण्याची शक्यता आहे. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांच्या नावांचा वा चित्रांचा व्यापारासाठी वापर करण्यास ज्या परिशिष्टात मनाई आहे, त्याच परिशिष्टात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे नाव आणि गुंफलेली पाच वर्तुळेही आहेत. राष्ट्रध्वज आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे चिन्हही तेथेच सापडते. अशा चिन्हांची हुबेहूब नक्कलच नव्हे, तर मिळतेजुळते अनुकरणही केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यापारात वापरता येत नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने त्यापुढे जाऊन या परिशिष्टातील चिन्हांची नोंदणीच अग्राह्य ठरवली.

कागदावर हे संरक्षण भरभक्कम दिसते. शिक्षेच्या कलमाशी आल्यावर चित्र बदलते. कायदा झाला तेव्हा भंगाबद्दल ठेवलेली कमाल शिक्षा होती पाचशे रुपये दंड. त्यातही खटला भरण्यापूर्वी केंद्र सरकारची मंजुरी आवश्यक. पाचशे रुपयांच्या दंडासाठी दिल्लीहून मंजुरी आणण्याचा उद्योग कोण करणार? त्यामुळे व्यायामशाळांच्या शटरवर, शाळांच्या क्रीडामहोत्सवांच्या निमंत्रणपत्रिकांवर आणि क्रीडासाहित्याच्या दुकानांच्या पाट्यांवर पाच वर्तुळे वर्षानुवर्षे निर्धास्त नांदत आली. रंगांचा क्रम चुकलेला, कधी वर्तुळे चारच, पण उत्साह अस्सल. या निर्धास्तपणाने ऑलिंपिक चळवळीचे काही नुकसान झाले, असे म्हणणे धाडसाचे होईल. अनेक गावांत त्या चळवळीची ओळख मुळात अशा पाट्यांनीच करून दिली.

चिन्हांचा प्रश्न तुलनेने सुटसुटीत आहे. खरी गुंतागुंत सुरू होते ती चिन्ह न वापरता केलेल्या वापरापासून. १९९६ च्या क्रिकेट विश्वचषकात अधिकृत शीतपेय कोका कोला होते. पेप्सीने मग आपल्या पेयात ‘अधिकृत असे काहीच नाही’ ही गोष्टच जाहिरातीचा गाभा केली. विश्वचषकाचे चिन्ह नाही, खोटा दावा नाही, उलट अधिकृत नसल्याची उघड कबुली. तरीही त्या विश्वचषकाची आठवण काढणाऱ्यांना अधिकृत पेयाआधी ही अनधिकृत जाहिरातच आठवते. जाहिरातक्षेत्रात या प्रकाराला ‘ॲम्बुश मार्केटिंग’ म्हणतात. दबा धरून बसायचे आणि दुसऱ्याने विकत घेतलेल्या प्रकाशात आपला चेहरा न्हाऊन काढायचा, असा त्याचा साधा अर्थ.

भारतीय न्यायालयापुढे हा प्रश्न २००३ मध्ये ठळकपणे आला. दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकापूर्वी फिलिप्स कंपनीने ‘दिवाळी मनाओ, वर्ल्ड कप जाओ’ अशी जाहिरात केली होती. ध्वनिसंच विकत घ्या आणि विश्वचषकाचे तिकीट जिंका, अशी ती योजना होती. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची व्यापारी हक्क सांभाळणारी कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. ‘वर्ल्ड कप’ हे शब्द सर्वसामान्य वापरातील आहेत, जाहिरातीत परिषदेचे बोधचिन्ह नाही आणि ती वाचून फिलिप्स हीच अधिकृत प्रायोजक आहे असा कोणाचा समज होण्याचे कारण नाही, असा न्यायालयाचा विचार होता. प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीला असतो, स्पर्धेला नसतो, हे त्या निकालातील सूत्र आजही महत्त्वाचे आहे. त्याच सुमारास त्याच न्यायालयात एका पेट्रोल पंपाविरुद्धचे प्रकरण आले. तेथे विश्वचषकाचे बोधचिन्हच वापरले गेले होते. बोधचिन्ह ही कलाकृती असून तिला स्वामित्वहक्काचे संरक्षण आहे, हे मान्य करून न्यायालयाने त्या वापराला मनाई केली.

या दोन प्रकरणांतून निघणारी रेषा पुरेशी स्पष्ट आहे. चित्र मालकीचे आहे, भाषा मालकीची नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या टाटा प्रेस प्रकरणात जाहिरातीलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत घेतले होते, त्याच्याशीही ही रेषा सुसंगत आहे. यजमान देशांकडून जी हमी मागितली जाते ती मात्र नेमकी ही रेषा पुसण्याची असते.

लंडनने ती कशी पुसली, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने १९९५ मध्येच ऑलिंपिक चिन्हासाठी कायदा केला होता. २००६ मध्ये त्यावर आणखी एक कायदा चढवून ‘लंडन ऑलिंपिकशी संबंध सुचवण्याचा’ हक्कच आयोजकांच्या ताब्यात दिला. त्यासाठी शब्दांच्या दोन याद्या बनवल्या. पहिलीत ‘गेम्स’, ‘२०१२’, ‘ट्वेंटी ट्वेल्व्ह’ असे शब्द. दुसरीत सुवर्ण, रौप्य, कांस्य, लंडन, पदके, प्रायोजक आणि, विश्वास ठेवणे कठीण आहे, उन्हाळा. या याद्यांतील शब्दांची जोडी जाहिरातीत दिसली, तर हक्कभंग झाला का हे ठरवताना न्यायालय ती विचारात घेऊ शकेल, अशी तरतूद होती. २०१२ सालच्या उन्हाळ्यात लंडनमधील एखाद्या दुकानदाराने ‘उन्हाळा २०१२ ची सूट’ असा फलक लावताना वकिलाला विचारावे, अशी ही परिस्थिती. डॉर्सेट परगण्यातील एका खाटकाने दुकानाबाहेरच्या फलकावर सॉसेजची पाच वर्तुळे रंगवली होती, ती त्याला काढावी लागली. त्याच वर्षी अमेरिकी ऑलिंपिक समितीने विणकाम करणाऱ्यांच्या एका हौशी संकेतस्थळाला त्यांच्या स्पर्धेच्या नावाबद्दल नोटीस धाडली आणि जगभर टीका झाल्यावर माफी मागितली.

दक्षिण आफ्रिकेने २०१० मध्ये फौजदारी मार्ग धरला. जोहान्सबर्ग येथील नेदरलँड्स आणि डेन्मार्क यांच्या सामन्यात ३६ तरुणी एकसारखे नारिंगी झगे घालून बसल्या होत्या. ते झगे बव्हेरिया या डच बियर कंपनीच्या प्रसिद्धीचा भाग होते, पण दुरून वाचता येईल असे कंपनीचे नाव त्यांवर नव्हते. अधिकृत बियर होती बडवायझर. तरुणींना मैदानाबाहेर काढले गेले आणि दोघींना अटक झाली. पुढे फिफा आणि कंपनी यांच्यात समेट होऊन प्रकरण मिटले. झग्याच्या रंगावरून अटक होऊ शकते हे जगाला कळले आणि बव्हेरियाला हवी होती त्याहून शंभरपट प्रसिद्धी मिळाली.

या उदाहरणांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कडक कायद्याचा फटका बसतो तो खाटकाला. मोठ्या कंपनीकडे कायद्याच्या कडेने चालणारे वकील आणि शब्दप्रभू दोन्ही असतात. व्हँकुव्हरच्या २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी त्याच शहरातील लुलुलेमन या वस्त्रकंपनीने आपल्या कपड्यांच्या मालिकेला ‘२००९ आणि २०११ यांच्या दरम्यान ब्रिटिश कोलंबियात होणारा झकास क्रीडाप्रकार’ अशा अर्थाचे लांबलचक नाव दिले. एकही निषिद्ध शब्द त्यात नव्हता आणि गिऱ्हाइकाला काय कळायचे ते कळले. बीजिंगमध्ये २००८ च्या उद्घाटनाला ज्योत पेटवण्याचा मान मिळाला तो जिम्नॅस्टिक्समधील जुने सुवर्णविजेते ली निंग यांना. क्रीडावस्त्रांचा अधिकृत प्रायोजक आदिदास होता. ली निंग हे चीनमधील आदिदासच्या एका मोठ्या प्रतिस्पर्धी कंपनीचे संस्थापक आणि ती कंपनी त्यांच्याच नावाची. दोरांवर तरंगत स्टेडियमची फेरी मारणाऱ्या माणसावर कोणता कायदा लावणार?

या भांडणात खेळाडूची जागा कोणती, हा प्रश्न भारतापुरता अधिक गंभीर आहे. २००२ चा चॅम्पियन्स करंडक आणि २००३ चा विश्वचषक या दोन्हींपूर्वी भारतीय क्रिकेटपटू आणि आंतरराष्ट्रीय परिषद यांच्यात उघड संघर्ष झाला होता. परिषदेच्या प्रायोजकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती खेळाडूंनी स्पर्धेच्या काळात आणि आगेमागे करू नयेत, अशी अट होती. खेळाडूंचे करार मात्र आधीच झालेले होते. क्रिकेटपटूंकडे किमान बळ होते, मंडळ होते, वकील होते. ऑलिंपिकमध्ये जाणाऱ्या नेमबाज, कुस्तीगीर वा धावपटूच्या आयुष्यात व्यापारी मूल्याचा काळ दोन आठवड्यांचा असतो आणि ऑलिंपिक सनदेचा चाळिसावा नियम नेमका त्या दोन आठवड्यांत त्याच्या खासगी प्रायोजकांवर बंधने आणतो. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने २०१९ मध्ये या निर्बंधांना आव्हान दिले आणि जर्मन खेळाडूंसाठी ते सैल झाले. त्याच वर्षी मूळ नियमही काहीसा शिथिल करण्यात आला. खेळाडूंच्या बाजूने उभा राहणारा असा नियामक भारतात अजून दिसलेला नाही.

दुसरीकडे, त्याच खेळाडूचे नाव बाकीचे सारे फुकट वापरतात. टोकियोत १ ऑगस्ट २०२१ रोजी पी. व्ही. सिंधूने कांस्यपदक जिंकले आणि तासाभरात अनेक कंपन्यांच्या अभिनंदनाच्या जाहिराती समाजमाध्यमांवर झळकल्या. त्यांत तिचे छायाचित्र होते, कंपनीचे चिन्ह होते आणि तिच्याशी केलेला करार मात्र नव्हता. तिच्या व्यवस्थापन संस्थेने कायदेशीर कारवाईचा मार्ग धरला. २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकरच्या दोन पदकांनंतर हेच घडले. अभिनंदन आणि जाहिरात यांच्यातील फरक ओळखणे कठीण नाही. खाली उत्पादनाचे नाव असेल, तर ती जाहिरात आहे. तरीही भारतात प्रसिद्धीहक्काचा स्वतंत्र कायदा नाही. न्यायालयांनी प्रकरणागणिक उभारलेल्या तत्त्वांवर सारे चालले आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानेही हा प्रश्न हाताळलेला नाही. ‘भारत’, ‘भारतीय’, ‘राष्ट्रीय’ हे शब्द वा राष्ट्रीय चिन्हे वापरू इच्छिणाऱ्या क्रीडा संस्थांनी केंद्राची अनुमती घ्यावी, इतपत त्यात आहे. तो रोख संघटनांवर आहे, बाजारावर नाही.

२०३० आणि पुढे कदाचित २०३६ साठी नवा कायदा होणार असेल, तर त्याची व्याप्ती अरुंद ठेवणे शहाणपणाचे ठरेल. बोधचिन्ह, शुभंकर, स्पर्धेचे पूर्ण नाव यांना कडक आणि तत्पर संरक्षण द्यावे. बनावट तिकिटे आणि बनावट माल यांवर फौजदारी कारवाई व्हावी. पाचशे रुपयांच्या दंडाचा विनोद थांबावा. सामान्य शब्द, रंग, वर्ष आणि शहराचे नाव यांना मात्र हात लावू नये. अहमदाबादच्या दुकानदाराला ‘अहमदाबाद २०३०’ लिहिताना भीती वाटली, तर २००३ च्या निकालाने राखलेली रेषा ओलांडली गेली असे समजावे. कायद्याला मुदतही हवी. सिडनीसाठी ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये केलेला चिन्हसंरक्षण कायदा २००० च्या ३१ डिसेंबरला आपोआप संपला. व्हँकुव्हरसाठी कॅनडाने केलेल्या कायद्यातील तात्पुरती शब्दयादीही २०१० अखेर गळून पडली. भारतात तात्पुरते म्हणून आलेले कायदे सहसा घर सोडत नाहीत, म्हणून हे कलम मसुद्यातच असणे बरे.

दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या तेव्हा भारताने असा खास कायदा केला नव्हता. ‘शेरा’ वाघाचे संरक्षण व्यापारचिन्ह आणि स्वामित्वहक्काच्या सामान्य कायद्यांवरच सोपवले होते. त्या स्पर्धांना जी बदनामी लाभली तिचे कारण अनधिकृत टी-शर्ट नव्हते, हे सर्वांना आठवत असेल. गोव्याचा अनुभवही बोलका आहे. राष्ट्रीय स्पर्धांसाठी गोव्याने प्रथम २०२० मध्ये ‘रुबिगुला’ हा बुलबुल शुभंकर म्हणून आणला. स्पर्धा पुढे पुढे जात राहिली आणि अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात ती झाली तेव्हा बुलबुलाच्या जागी ‘मोगा’ हा गवा आला होता. बुलबुलाची चोरी कोणी केली नाही. यजमानांनीच त्याला निवृत्त केले.

घटनात्मक बाजूची चर्चा अजून सुरूही झालेली नाही. व्यापारचिन्हे हा केंद्र सूचीतील विषय, तर खेळ हा राज्य सूचीतील. फलक आणि फेरीवाले यांचा संबंध महापालिकेशी. म्हणजे संसदेने चिन्हांचा कायदा केला, तरी स्टेडियमभोवतीच्या रस्त्यांवर कोण काय विकू शकेल हे गांधीनगर आणि अहमदाबाद येथे ठरेल. ग्लासगोच्या २०१४ च्या स्पर्धांसाठी स्कॉटलंडच्या संसदेने २००८ मध्ये केलेल्या कायद्यात हाच भाग मोठा होता. स्पर्धास्थळांच्या परिसरात जाहिरात आणि रस्त्यावरील विक्री यांवर निर्बंध घालतानाच, परवानाधारक विक्रेत्यांना त्या काळापुरती पर्यायी व्यवस्था देऊ करण्याची जबाबदारी नगर परिषदेवर टाकण्यात आली होती. भारतात २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, नगर पथविक्रेता समित्या आहेत. मोटेराच्या दरवाजाबाहेर निळे टी-शर्ट आणि कागदी झेंडे विकणाऱ्यांचे नाव त्या समितीच्या यादीत आहे की नाही, हे तपासायला २०३० पर्यंत थांबण्याची गरज नाही.